रिमॅप, एक्झॉस्ट, सीएनजी किट आणि पीयूसी: नवीन मंडळींसाठी सगळं सविस्तर

गाडीच्या इंजिनात काही काम करून घेतलं, मग ते साधं रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं) असो, एक्झॉस्ट असो नाहीतर सीएनजी किट, की पुढची पीयूसी जवळ आल्यावर टेन्शन सुरू होतं आणि मग कोणीतरी हमखास सांगतं की अरे ओळखीचा एक आहे, गाडी न नेता काढून देतो. तसलं काही करू नका. एक तर ते बेकायदेशीर आहे, आणि दुसरं म्हणजे त्यात नुकसान तुमचंच आहे, कारण शंभर-दीडशे रुपयांत तुमच्या इंजिनात इंधन कसं जळतंय याचा खरा रिपोर्ट हातात येतो आणि ट्यूनिंगवर हजारो रुपये घालणाऱ्या माणसाने तो रिपोर्ट फुकट घालवणं मला खरंच पटत नाही. मॉडिफाय केलेली गाडी पीयूसीत प्रामाणिकपणे पास होते, आरामात होते, फक्त काम नीट झालेलं पाहिजे आणि नापास झालीच तर कुठे बघायचं ते कळलं पाहिजे. खालचं सगळं महाराष्ट्रातल्या खाजगी चारचाकी डोक्यात ठेवून लिहिलंय.

१. बॉनेट उघडायच्या आधी आरसी उघडा

पीयूसी पास होणं आणि मॉडिफिकेशन कायदेशीर असणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, नवीन लोकांचा इथेच घोळ होतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरची माहिती कंपनीने मूळ दिलेल्या माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाने करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठासून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेले पार्ट बसवून केलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

आता व्यवहारात बघा. चांगले प्लग, त्याच मापाचा चांगला एअर फिल्टर, यात आरसीवरच्या कुठल्याही नोंदीला हात लागत नाही. सीएनजी किंवा एलपीजी किट कायद्यात बसतं पण रीतसर प्रक्रिया करून, मान्यताप्राप्त किट बसवून आणि आरसीवर चढवून. इंजिन खराब झालं म्हणून त्याच जातीचं दुसरं इंजिन टाकलं तरी आरटीओची परवानगी आणि आरसीवर नवीन इंजिन नंबर लागतो, बदल केल्यापासून चौदा दिवसांत कळवायचं असतं. दुसऱ्याच मॉडेलचं मोठं इंजिन टाकणं, कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, एक्झॉस्टमधले विषारी वायू कमी करणारी जाळी) काढून टाकणं, डिझेलचं डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) काढणं किंवा ईजीआर (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) बंद करणं, या गोष्टी करूच नका आणि आधीच्या मालकाने केल्या असतील तर मूळ वस्तू परत बसवायला पैसे बाजूला काढा. रिमॅपचं काय, तर आरसीवर ते दिसत नाही पण म्हणून त्याला कोणी मान्यता दिलेली असते असंही नाही, वॉरंटीचा क्लेम त्यावरून नाकारला जाऊ शकतो, आणि इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवलेलं नसेल तर उद्या अपघातात क्लेम अडकण्याची जोखीम तुमच्या डोक्यावर. हे माहीत असून करायचं असेल तर पुढे वाचा.

२. तुमच्या गाडीला कुठले आकडे लागू आहेत ते शोधा

गाडी कुठल्या भारत स्टेजची (बीएस, म्हणजे प्रदूषणाच्या नियमांचा टप्पा) आहे ते आरसीवर किंवा परिवहनच्या ॲपवर दिसतं. बीएस-४ देशभर एप्रिल २०१७ पासून आलं, पण मुंबई, पुणे आणि सोलापूरसारख्या काही शहरांत ते २०१० पासूनच होतं, म्हणजे २०१२ ची पुण्याची गाडी आणि २०१२ ची लातूरची गाडी वेगळ्या नियमात असू शकतात, त्यामुळे वर्षावरून अंदाज लावू नका. बीएस-६ एप्रिल २०२० पासून.

पेट्रोल चारचाकीचे आकडे असे (सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, एचसी म्हणजे हायड्रोकार्बन, पीपीएम म्हणजे दहा लाखांत किती भाग, आणि आयडलिंग म्हणजे ॲक्सिलरेटर न देता इंजिन नुसतं चालू). एप्रिल २००० च्या आधीची भारत स्टेज नसलेली गाडी असेल तर आयडलिंगला सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पीपीएमपर्यंत चालतं. त्यानंतरच्या, बीएस-३ पर्यंतच्या गाड्यांना सीओ ०.५ टक्के, एचसी ७५० पीपीएम. बीएस-४ ला आयडलिंगला सीओ ०.३ टक्के आणि एचसी २०० पीपीएम, शिवाय एक जास्तीची चाचणी असते ज्यात इंजिन २५०० आरपीएमच्या आसपास धरून ठेवतात आणि तिथे सीओ ०.२ टक्क्याच्या आत आणि लॅम्डा (हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडा, पुढे सांगतो) ०.९७ ते १.०३ मध्ये पाहिजे. मॉडिफाय केलेल्या गाड्या बहुतेक वेळा या दुसऱ्या चाचणीत पकडल्या जातात.

नवीन गाडीला पहिलं एक वर्ष पीयूसी लागत नाही, नंतर बीएस-४ आणि बीएस-६ ला बारा महिन्यांची मिळते, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिन्यांची. वैध पीयूसी नसेल तर कायद्याप्रमाणे दंड १०,००० पर्यंत जाऊ शकतो आणि लायसन्स तीन महिने जाऊ शकतं.

३. स्लिपवरचे आकडे वाचायला शिका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, बाकी सगळं यावर अवलंबून आहे. बरेच लोक स्लिपवर फक्त पास आहे का ते बघतात आणि घडी करून डॅशबोर्डमध्ये टाकतात.

सीओ म्हणजे अर्धवट जळालेलं इंधन. सीओ जास्त म्हणजे गाडी रिच चालते, हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडतंय. एचसी म्हणजे न जळताच बाहेर आलेलं पेट्रोल, म्हणजे ठिणगी चुकतेय, कॉम्प्रेशन कमी आहे, गाडी इतकी लीन (पेट्रोलच्या मानाने हवा जास्त) आहे की मिश्रण पेटतच नाही, किंवा इंजिन ऑईल खातंय. मशीन यासोबत सीओटू आणि ऑक्सिजन पण मोजतं आणि या चार वायूंवरून लॅम्डा काढतं. लॅम्डा १ म्हणजे जेवढी हवा लागते बरोबर तेवढी, एकाच्या खाली रिच, वर लीन, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करतो तो या एकच्या अगदी जवळच, म्हणून तर ती ०.०३ ची खिडकी इतकी छोटी आहे.

आता जोड्या लावून बघा. सीओ जास्त, लॅम्डा एकच्या खाली: मॅप रिच आहे, किंवा ओटू सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) म्हातारा झालाय, किंवा इंजेक्टर गळतोय, किंवा इंजिन गरमच होत नाहीये. सीओ कमी पण एचसी जास्त: मिस मारतेय, आधी प्लग आणि कॉइल बघा, मग कॉम्प्रेशन, मग टाकलेला कॅम (व्हॉल्व्ह उघडबंद करणारा दांडा), कारण मोठ्या ओव्हरलॅपच्या, म्हणजे आतला-बाहेरचा व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडा ठेवणाऱ्या कॅममध्ये आयडलिंगला ताजं मिश्रण थेट एक्झॉस्टमध्ये निसटतं आणि एचसी वर जाते, ती २०० च्या आत आणणं फार अवघड. ऑक्सिजन जास्त, लॅम्डा १.०३ च्या वर, पण सीओ-एचसी दोन्ही ठीक: बहुतेक वेळा इंजिनात काही बिघाड नसतो, सायलेन्सरच्या लाइनमध्ये कुठेतरी बाहेरची हवा आत येतेय. सीओ आणि एचसी दोन्ही जास्त आणि लॅम्डा मात्र बरोबर एक: मिश्रण ठीक आहे पण कॅट काम करत नाही, गार आहे किंवा संपलाय किंवा नाहीच आहे. आणि चांगल्या गाडीला सीओटू साधारण १४-१५ टक्के आणि ऑक्सिजन जवळजवळ शून्य दिसतो.

आयडलिंग आणि २५०० चे आकडे पण शेजारी ठेवून बघायचे. वरच्या आरपीएमला स्वच्छ आणि आयडलिंगला घाण असेल तर इनटेकच्या होजमधून हवा शिरत असेल किंवा कॅट पुरेसा तापला नसेल, दोन्हीकडे घाण असेल तर मोठं कारण शोधायचं.

४. रिमॅप: ट्यूनरला काय विचारायचं

रिमॅपमुळे पीयूसी जातेच असं नाही. पॉवर वाढते ती फुल थ्रॉटलला, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवून आणि टायमिंग (ठिणगीची वेळ) बदलून, आयडलिंगला आणि हलक्या पायाने चालवताना गाडी ओटू सेन्सरचं ऐकून स्वतःच मिश्रण एकच्या जवळ ठेवते, आणि चांगला ट्यूनर त्या भागाला हातच लावत नाही. म्हणून कॅट जागेवर असलेली स्टेज वन (फक्त रिमॅप केलेली) गाडी पीयूसीत स्टॉकसारखीच दिसायला पाहिजे, आणि तशी दिसत नसेल तर ट्यूनमध्ये गडबड आहे.

पैसे द्यायच्या आधी विचारा की क्लोज्ड लूप (ओटू सेन्सरचं ऐकून मिश्रण ठरवणं) चालू ठेवणार ना, मागचा ओटू सेन्सर बंद तर करणार नाही ना, आधीचा आणि नंतरचा लॉग (इंजिनाच्या आकड्यांची नोंद) देणार का, आणि मूळ मॅपची फाईल मला मिळणार का. यातल्या कुठल्याही प्रश्नाला "त्याची गरज नाही" असं उत्तर आलं तर दुसरा ट्यूनर बघा. अजून एक, आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल मिळतं आणि त्याला शुद्ध पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, जिथे एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा धरायचे तिथे ई-२० ला साधारण साडेतेरा, म्हणून ट्यूनिंग बघताना हवा-इंधनाच्या जुन्या आकड्यात बोलण्यापेक्षा लॅम्डात बोला म्हणजे गैरसमज होत नाही.

आणि ते फटाके वाजणारे मॅप, ॲक्सिलरेटर सोडला की फाट-फाट करणारे, ते घेऊ नका. टायमिंग मागे ओढून पेट्रोल मुद्दाम एक्झॉस्टमध्ये जाळलं जातं, त्या उष्णतेने कॅटची आतली जाळी वितळते आणि मग पीयूसी कायमची गेली. वर शेजारीपाजारी झोपलेले असतात त्यांचाही विचार करा की.

५. एक्झॉस्ट बदललंय

कॅटच्या मागचा पाइप आणि सायलेन्सर बदलला, ज्याला कॅट-बॅक म्हणतात, तर वायूंमध्ये फरक पडत नाही, आवाजाचा नियम मात्र वेगळा लागू होतो आणि तिथे पोलीस पकडतात. डाउनपाइप (टर्बोला लागून येणारा पाइप) बदललात तर प्रश्न सुरू होतो कारण बऱ्याच टर्बो गाड्यांत मुख्य कॅट तिथेच असतो. कॅटशिवायचा पाइप टाकलेली बीएस-४ किंवा बीएस-६ गाडी खऱ्या चाचणीत पास होईल ही आशा सोडून द्या. काही जण ओटू सेन्सरला स्पेसर लावून देतात, त्याने फक्त मीटरमधली चेक लाइट विझते, नळीतून जो वायू येतोय तो तोच राहतो. स्पोर्ट्स कॅट म्हणून जे मिळतं ते २०० सेलचं असतं, म्हणजे जाळी मोकळी आणि वायू लागायला पृष्ठभाग कमी, ते गरम असताना बीएस-४ च्या मर्यादेत येऊ शकतं पण थोडं गार झालं की एचसी लगेच चढते. आणि कॅट मूळ जागेपेक्षा मागे सरकवला असेल तर तो उशिरा तापतो हे लक्षात ठेवा.

वेल्डिंग केलेलं एक्झॉस्ट असेल तर लीक तपासल्याशिवाय सेंटरवर जाऊच नका. पहाटे गाडी गार असताना चालू करा, दुसऱ्या कोणाला तरी सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं काही सेकंद दाबायला सांगा, गार असतानाच हं, आणि तुम्ही खाली वाकून ऐका, क्लॅम्प किंवा पॅकिंगमधून फुस्स आवाज येईल. साबणाचं पाणी मारलं तर बुडबुडे दिसतात. सापडलेला लीक बुजवला की लॅम्डा एका दिवसात जागेवर येतो.

६. सीएनजी किट

महाराष्ट्रात इंजिनातला सर्वात जास्त केला जाणारा बदल हाच असेल आणि सुदैवाने याला सरळ रस्ता आहे. किट तुमच्या मॉडेलसाठी मान्यताप्राप्त पाहिजे, ही मान्यता पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्था तपासणी करून देतात, बसवणारं सेंटर अधिकृत पाहिजे, आणि बसवल्यावर आरटीओत नेऊन आरसीवर इंधन पेट्रोल-सीएनजी करून घ्यायचं. बीएस-६ पेट्रोल गाड्यांनाही ऑगस्ट २०२२ पासून परवानगी आहे, ३.५ टनाच्या आतल्या. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी करायची, तो कागद जपून ठेवा, त्यात हयगय नको कारण २०० बारचा गॅस तुमच्या पोरांच्या सीटमागे ठेवलेला असतो.

पीयूसीच्या बाजूने बघायचं तर सीएनजी स्वच्छ जळतो, पण घोळ होतो तो पेट्रोलवर. गाडीचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सीएनजीवर चालतानाही ओटू सेन्सर बघून शिकत असतो, गॅसचे इंजेक्टर नीट कॅलिब्रेट केलेले नसतील तर तो फ्युएल ट्रिम (इंधन किती कमी-जास्त करायचं ती दुरुस्ती) चुकीचे शिकतो आणि मग पेट्रोलवर टाकली की गाडी रिच किंवा लीन चालते. फिटरला सांगा की दोन्ही इंधनांवर स्कॅनर लावून ट्रिम दाखव, दोन्हीकडे जवळपास सारखे आणि शून्याच्या आसपास पाहिजेत. सेंटरवर पण दोन्हीवर आकडे बघून घ्या आणि सीएनजीवर तपासताना मशीनमध्ये इंधन सीएनजी निवडलंय ना ते बघा, कारण सीएनजीत मोजलेल्या एचसीला ०.३ ने गुणून मर्यादेशी तुलना करायची असते, पेट्रोल निवडलं गेलं तर चांगली गाडी उगाच नापास दिसेल.

७. जुनं इंजिन, बोअर केलेलं, डिझेल

बोअर करून नवीन पिस्टन-रिंग टाकल्या असतील तर रिंग बसेपर्यंत ऑईल जळतं आणि एचसी जास्त दिसते, हजारेक किलोमीटर चालवून, ऑईल बदलून मग जा. कार्बोरेटरवाली गाडी असेल तर जुना मिस्त्री शोधा, मिक्सचर स्क्रू गॅस ॲनालायझर लावून सेट करणारा, कानाने नाही.

डिझेलला वेगळं मशीन, धुराची घनता मोजणारं. गाडी न्यूट्रलला ठेवून पाय पूर्ण दाबतात, कमाल आरपीएमला नेतात, असं परत परत करतात. बीएस-४ च्या आधीच्या डिझेलला ६५ हार्ट्रिज (धुराच्या घनतेचं एकक) आणि बीएस-४ ला ५० ही मर्यादा. ट्यूनिंग बॉक्स (पॉवरसाठी जास्त डिझेल टाकायला लावणारा डबा) लावून काळा धूर सोडणारी गाडी इथे बसत नाही, तो धूर म्हणजे न जळालेलं डिझेल, म्हणजे पॉवर नव्हेच. जाण्याआधी टायमिंग बेल्टचं वय आणि ऑईलची पातळी नक्की बघा, जुन्या बेल्टवर इंजिन इतकं ओढलं तर महागात पडतं.

८. जायच्या आधीचा आठवडा आणि तो दिवस

आठवडाभर आधी स्कॅनर लावा. कोड (ईसीयूने नोंदवलेला बिघाड) असेल तर दुरुस्त करा, नुसता पुसू नका, आणि बॅटरीची तार पण काढू नका कारण शिकलेले ट्रिम जातात आणि मग गाडीला परत शिकायला काही दिवस नेहमीसारखं चालवावं लागतं. एअर फिल्टर, प्लग, ऑईल बघून घ्या. तेल लावलेला कॉटनचा फिल्टर असेल तर जास्त तेल एअरफ्लो सेन्सरवर बसतं, सेन्सर त्याच्या खास स्प्रेने साफ करा. आणि थर्मोस्टॅट आहे ना ते विचारा, आपल्याकडे कित्येक गॅरेजवाले गाडी गरम होते म्हणून तो काढूनच टाकतात, मग इंजिन कायम गार राहतं, ईसीयू जास्त पेट्रोल टाकत राहतो आणि लोक बिचारे रिमॅपला दोष देतात.

त्या दिवशी गाडी वीसेक किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर चालवून थेट सेंटरवर न्या, कॅटला काम करायला निदान अडीचशे-तीनशे डिग्री लागतात, कोपऱ्यावरून दोन मिनिटांत गेलात तर तो गारच असणार. रांग असेल तर गाडी बाजूला लावून थांबा आणि नंबर आला की परत एक छोटी चक्कर मारून आणा. एसी बंद, लाइट बंद. नळी सायलेन्सरमध्ये फूटभर तरी आत गेली पाहिजे, मोठ्या तोंडाच्या स्पोर्ट्स टिपमध्ये ती नीट बसत नाही आणि बाहेरची हवा मिसळते, ऑपरेटरला प्रेमाने सांगा. तुमच्या मोबाइलवर ओटीपी येतो, तेव्हा आरसीला जोडलेला नंबर चालू पाहिजे.

९. नापास झाली तर

घाबरू नका, आणि "ॲडजस्ट करून देतो" याला नाही म्हणा. २०२१ पासून नापास गाडीला रिजेक्शन स्लिप द्यायची पद्धत आहे, ती मागून घ्या, त्यावर नापास का झाली ते असतं. मग स्वस्तापासून महागाकडे जा: आधी लीक, मग प्लग-कॉइल, मग सेन्सर, मग ट्यूनरकडे जाऊन तात्पुरता मूळ मॅप टाकून तेच आकडे परत मोजा. मूळ मॅपवर स्वच्छ आणि ट्यूनवर घाण असेल तर दोष ट्यूनमध्ये आहे आणि ट्यूनरने तो दुरुस्त करून द्यायला पाहिजे. पीयूसीपुरता मूळ मॅप आणि बाहेर आल्यावर परत तोच घाण मॅप हे करू नका, तो धूर तुमच्या मागच्या स्कूटरवरच्या माणसाच्या छातीत जातो. दोन्ही मॅपवर घाण असेल तरच नवीन कॅटचा खर्च काढा, आणि त्याआधी जुना का मेला ते शोधा, मिसफायर किंवा ऑईल जळणं तसंच असेल तर नवीनही मरणार.

पास झालात की आकडे वहीत लिहून ठेवा. दरवर्षी एचसी थोडी-थोडी चढत असेल तर काहीतरी झिजतंय हे तुम्हाला चेक लाइट लागायच्या आधीच कळेल. आणि गाडी पंधरा वर्षांची होत आली असेल तर पुनर्नोंदणीच्या वेळी आरटीओत निरीक्षक इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसीशी ताडून बघतात, त्यामुळे बदललेलं इंजिन किंवा सीएनजी अजून चढवलं नसेल तर ते काम त्या तारखेच्या काही महिने आधीच उरकून घ्या, किटचं सर्टिफिकेट, बसवल्याचं बिल आणि सिलिंडरच्या टेस्टचा कागद मूळ प्रतीतच सोबत न्या.